परीक्षार्थी गोष्टीचं पुस्तक वाचतो

माणसाने परीक्षा द्याव्यात की नाही याबद्दल मतभेद असू शकतील. पण परीक्षा संपलेला नवरा घरात मोकळा ठेवू नये, याबद्दल परीक्षार्थीच्या बायकोच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

परीक्षार्थी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्याला इमारतीने बहाल केलं होतं. शाळा झाली, कॉलेज झालं, टायपिंग झालं, नोकरी लागली, तरी हा गृहस्थ परीक्षा देतच होता. खात्यात परीक्षेचं परिपत्रक आलं की लोक ते वाचून खाली ठेवत आणि हा अर्ज भरत असे. ज्या परीक्षेला बसायची गरज नव्हती तिलाही तो सराव म्हणून बसे. त्याचं लग्नसुद्धा दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत उरकलेलं होतं, आणि फोटोत त्याचे ओठ हलताना दिसतात ते कशामुळे हे बायको पाहुण्यांना अजून सांगत नाही. अखेर खात्यातल्या सर्वांत वरच्या परीक्षेचा शेवटचा पेपर त्याने दिला, पुढच्या परीक्षेची चौकशी केली आणि बड्या साहेबांनी त्याला शांतपणे सांगितलं, की आता याच्या वर परीक्षा नाही. याच्या वर फक्त निवृत्ती आहे.

पहिले काही दिवस तो घरभर हिंडला. मग त्याने स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले, त्यामुळे चहा आणि साखर यांची जी ताटातूट झाली ती बायकोने ओरडून मिटवली. मग तो तिच्या मागे उभा राहून भांडी घासण्याची योग्य क्रमवारी सांगू लागला. बायको नोकरी करून घर सांभाळणारी होती. तिला क्रमवारीसाठी वेळ नव्हता.

"तुम्ही काहीतरी करा हो," ती म्हणाली. "नाहीतर मी काहीतरी करीन."

"मी वाचायचं ठरवलंय," तो म्हणाला.

"आणखी?"

"अभ्यासाचं नाही. गोष्टीचं पुस्तक. गंमत म्हणून."

बायकोने ओला हात पदराला पुसून त्याच्या कपाळाला लावून पाहिला. ताप नव्हता.

पण ही लहर नव्हती. लहानपणी तो कपाटामागे बसून गोष्टीची पुस्तकं वाचत असे आणि पुढे काय होतं या धसक्याने त्याच्या पोटात गोळा येत असे. तो गोळा त्याला अजून आठवत होता. मग कोणीतरी हातातलं पुस्तक काढून घेऊन अपेक्षित प्रश्नसंच ठेवला, आणि तेव्हापासून पुढे काय होणार हे त्याला नेहमीच माहीत होतं: पुढे प्रश्न दुसरा. ते जुनं सुख आपल्यात अजून कुठे शिल्लक आहे, की परीक्षांनी ते खाऊन टाकलं, एवढंच त्याला बघायचं होतं. शिल्लक नसेल, या विचाराने त्याला खरोखरची भीती वाटत होती. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या माणसाने हे कोणाला सांगायचं, म्हणून तो म्हणायचा, 'गंमत म्हणून'.

आपल्याकडे माणसाने आजारी पडायचं ठरवलं तर कोणी विचारत नाही, पण आनंदी व्हायचं ठरवलं की शेजारीपाजारी धावून येतात. तळमजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. निवृत्तीनंतर शाळा त्यांच्यापासून सुटली होती, ते शाळेपासून सुटले नव्हते. तेच भागातल्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्यांनी परीक्षार्थीला जिन्यातच गाठलं.

"आनंदासाठी वाचतोयस म्हणे. चांगलं आहे. पण वेळापत्रक केलंस का?"

"गंमत म्हणून वाचायचंय, सर."

"म्हणून तर! गमतीला शिस्त नसली की तिचा चाळा होतो. सुरुवात प्रस्तावनेपासून कर. बरेच लोक प्रस्तावना सोडतात आणि मग आयुष्यात मागे पडतात."

शेजारच्या दारात दातांचे डॉक्टर राहत. त्यांचा सल्ला व्यवसायाला धरून होता. रोज थोडंथोडं वाचावं, सकाळी आणि झोपण्यापूर्वी, जेवणानंतर लगेच नाही. सुरुवातीला थोडा त्रास होईल पण घाबरू नये. स्वतः डॉक्टर काय वाचतात असं विचारल्यावर ते म्हणाले, "मी वाचनमंडळाचा प्रमुख आहे." हे उत्तर नव्हतं, पण ते त्यांनी इतक्या रुबाबात दिलं की परीक्षार्थीने मान डोलावली.

वाचनालय दोन गल्ल्या सोडून होतं. खाली कथाविभाग आणि वर अभ्यासिका. अभ्यासिकेत परीक्षार्थीची हयात गेली होती. तिथल्या एका खुर्चीला त्याच्या पाठीचा आकार आला होता. तो रुबाबात खालच्या टेबलाशी गेला आणि ग्रंथपाल बाईंसमोर कार्ड ठेवलं.

"हे अभ्यासिकेचं कार्ड आहे," बाई म्हणाल्या. "यावर कादंबऱ्या मिळत नाहीत."

"मग यावर शिक्का मारून द्या."

"अभ्यासिकेतल्या माणसाला कादंबरी द्यायची नाही असा नियम आहे. मागे एका मुलाला दिली आणि तो नापास झाला. त्याचे वडील इथे येऊन रडले."

"पण माझी परीक्षा संपली!"

"संपल्याचा दाखला आणा."

या वाक्यावर घोडं अडलं. परीक्षार्थी खात्याच्या परीक्षा विभागात गेला. तिथल्या कारकुनाने चष्मा वर केला, खाली केला आणि सांगितलं, की आम्ही पास झाल्याचा दाखला देतो, नापास झाल्याचाही देतो, बसल्याचासुद्धा देतो. पण संपल्याचा दाखला कोणी मागितलेला नाही, त्यामुळे त्याचा नमुना नाही.

"पण पेपर तर संपले ना?"

"पेपर संपले. परीक्षा निकाल लागेपर्यंत चालू असते."

"निकाल कधी?"

"ते गोपनीय आहे," कारकून म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते त्यालाही माहीत नसावं असं दिसत होतं.

परीक्षार्थी परत वाचनालयात आला. त्याची रडवेली मुद्रा पाहून ग्रंथपाल बाईंना पाझर फुटला. "असं करा," त्या म्हणाल्या, "बायकोच्या नावाने कार्ड काढा. विवाहित स्त्रियांना दाखला लागत नाही. त्यांना वेळ असतोच." हे वाक्य परीक्षार्थीने घरी जसंच्या तसं सांगण्याची चूक केली. बायको तेव्हा एका हाताने कुकर उतरवत होती आणि दुसऱ्या हाताने ऑफिसचं पत्र तपासत होती. तिने सही केली. फक्त ती इतकी दाबून केली की कागद मागच्या बाजूने उठला.

अशा रीतीने बायकोच्या नावावर एक जाडजूड कादंबरी घरी आली. तीत एक वकील जुगारापायी धुळीला मिळतो अशी हकीकत होती. रविवारी दुपारी परीक्षार्थी गॅलरीत खुर्ची टाकून बसला, पाय कठड्यावर ठेवले, एक उसासा सोडला आणि पुस्तक उघडलं. आयुष्याची नवी सुरुवात करताना माणसाने कसं दिसावं, तसा तो दिसत होता. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली.

पहिल्याच वाक्याखाली त्याने रेघ मारली. लेखकाने ते वाक्य सुरुवातीला घातलंय म्हणजे महत्त्वाचं असणारच. दुसऱ्या वाक्यात वकिलाचं वय होतं, त्याला चौकट. तिसऱ्या परिच्छेदात वकिलाच्या घराचं वर्णन आलं, तिथे समासात 'थोडक्यात टीप' असं लिहिलं गेलं. वकील पहिला डाव हरला तिथे 'कारणे द्या'. वकिलाची बायको रात्रभर वाट बघत बसते त्या पानावर, जिथे चांगल्या माणसाचा घसा दाटून यावा, तिथे परीक्षार्थीने लिहिलं: 'संदर्भासहित स्पष्टीकरण. नक्की येणार.' पानाच्या शेवटी आला की तो पुस्तक छातीवर पालथं घाली, डोळे मिटी आणि पान म्हणून दाखवी.

"कशी आहे?" बायकोने विचारलं.

"वकिलाच्या अधोगतीची कारणं चार," परीक्षार्थी डोळे मिटूनच म्हणाला. "एक, कुसंगत. दोन, घरातील थोरांचे दुर्लक्ष. तीन—"

"मी विचारलं, कशी आहे?"

परीक्षार्थी थांबला. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. कादंबरी कशी आहे? त्याने आत शोधून पाहिलं. आत चार कारणं होती, वकिलाच्या सासऱ्याचा हुद्दा होता, तीन सुविचार होते. आणि पोटात गोळा येण्याच्या जागी काही नव्हतं. त्याचा चेहरा उतरला तो बायकोला दिसला. तिने मुकाट्याने घरातल्या पेन्सिली गोळा करून कुलपात टाकल्या.

जित्याची खोड. पेन्सिल गेली तर तो नखाने रेघा मारू लागला. नखं कापली तर पानांचे कोपरे दुमडू लागला. बायकोने हात बांधण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तो पुस्तक घेऊन बाथरूममध्ये गेला आणि तिथून पाण्याच्या आवाजावर मात करणारं पाठांतर ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी भिंतीवर थाप मारून विचारलं, की वकिलाच्या मेव्हण्याचं पुढे काय झालं ते जरा मोठ्याने म्हणाल का. अशा स्थितीत ती कादंबरी संपली. परीक्षार्थी तीत पहिल्या श्रेणीत पास झाला असता, पण त्याने ती वाचली होती असं म्हणायला त्याची स्वतःचीच जीभ धजत नव्हती. त्याने ती परत केली.

प्रकरण इथे संपायला हरकत नव्हती, पण ती प्रत पुढे वाचनमंडळाकडे गेली.

हे वाचनमंडळ म्हणजे भागातल्या सुशिक्षित मंडळींची एक बैठक होती. दर महिन्याला एक पुस्तक ठरे आणि त्यावर चर्चा होई. पुस्तक वाचलेलं नसल्यामुळे चर्चा नेहमी व्यापक होई. बहुतेक जण मलपृष्ठ वाचून येत. जे फारच कष्टाळू ते लेखकाचा परिचयही वाचून येत. दातांचे डॉक्टर 'या पुस्तकाने मला अंतर्मुख केलं' असं म्हणून सुरुवात करत, आणि त्यानंतर बिस्किटं येत. पण त्या महिन्यात रेघा मारलेली ती प्रत त्यांच्या हाती पडली आणि मंडळाचं नशीब फळफळलं. फक्त रेघा वाचल्या की काम भागत होतं. चौकटीत नावं होती, समासात कारणं होती, कुठे हळहळायचं तेही लिहिलेलं होतं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच चर्चेत पुस्तकाचा उल्लेख झाला.

"हे पुस्तक खराब केलेलं नाही," डॉक्टर गहिवरून म्हणाले, "हे सोलून दिलेलं आहे."

ग्रंथपाल बाईंचं मत वेगळं होतं. त्यांनी पुस्तक विद्रूप केल्याबद्दल नोटीस काढली. आणि कार्ड ज्याच्या नावाने त्यालाच नोटीस, या नियमाने ती परीक्षार्थीच्या बायकोला आली, तीही तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. संध्याकाळी ती नोटीस हातात घेऊन घरी आली तेव्हा परीक्षार्थीने जेवणाची ताटं आपणहून मांडली.

कार्यकारिणीची बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरली. अध्यक्षस्थानी हेडमास्तर होते आणि टेबलावर ती कादंबरी पुराव्यासारखी उताणी पडली होती.

"हे तुमचं काम?" हेडमास्तरांनी बायकोला विचारलं.

"कार्ड माझं आहे. पेन्सिल माझी नाही."

"कार्डधारक जबाबदार असतो."

परीक्षार्थी उभा राहिला. बायकोसाठी एकदा तरी उभं राहायचं त्याने ठरवलं होतं. "रेघा मी मारल्या, सर."

"तू खाली बस. तुझा इथे संबंध काय? तू अभ्यासिकेचा सभासद. कथाविभागाच्या दृष्टीने तू अस्तित्वात नाहीस."

गुन्हा कबूल करण्याचीही पात्रता आपल्यात नाही, हे ऐकून तो खाली बसला. एवढा अपमान त्याचा तोंडी परीक्षेतही झाला नव्हता. तेवढ्यात वाचनमंडळ आत घुसलं. त्यांची मागणी साधी होती: शिक्षा नको, उलट पुढची सगळी पुस्तकं आधी या गृहस्थांना द्या, रेघा झाल्या की आम्हाला द्या. कोणी म्हणालं, वाचनालयाची लाज गेली. कोणी म्हणालं, वाचनालयात पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं झालं. ग्रंथपाल बाई रजा मागू लागल्या. अखेर हेडमास्तरांनी टेबलावर मूठ आपटली, आणि त्यांच्या डोळ्यांत निवृत्तीनंतर न दिसलेली चमक दिसली.

"या भागात आनंदासाठी कोण वाचतं आणि ढोंग कोण करतं, याचा एकदा निकाल लागलाच पाहिजे. परीक्षा घ्या!"

"आनंदाची परीक्षा?" बायकोने विचारलं.

"मोजल्याशिवाय आनंद आहे की नाही हे कळणार कसं?"

यावर कोणाला काही सुचलं नाही, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. परीक्षेसाठी वाचनालयाने दुसरी एक कादंबरी नेमली. तिच्या बऱ्याच प्रती पडून होत्या, हेच तिचं वाङ्मयीन मूल्य. एक माणूस भावाशी भांडून घर सोडतो आणि दूरच्या खडकावर दीपगृहाचा राखणदार होतो, एवढं तिच्या मलपृष्ठावर लिहिलं होतं. प्रश्नपत्रिका हेडमास्तर स्वतः काढणार होते. परीक्षार्थीच्या बायकोने आणि वाचनमंडळाच्या सभासदांनी परीक्षेला बसायचं. बायको पास झाली तर तिचं कार्ड राहील. आणि परीक्षार्थीला करायचं पर्यवेक्षक, कारण परीक्षेच्या खोलीत त्याच्याइतकं आयुष्य कोणी काढलेलं नव्हतं. अट एकच: परीक्षा होईपर्यंत त्याने नेमलेल्या पुस्तकाला हात लावायचा नाही, नाहीतर तो त्याचाही अपेक्षित प्रश्नसंच करून ठेवील.

बायकोने ती कादंबरी जेवणाच्या सुट्टीत, बसच्या रांगेत, दूध तापायची वाट बघताना वाचून काढली. एकदा दूध उतू गेलं. परीक्षार्थी तिच्या तोंडाकडे बघत राही. ती मध्येच हसे, मध्येच खिडकीबाहेर बघे.

"काय चाललंय त्यात?" त्याने न राहवून विचारलं.

"तुम्हाला बंदी आहे ना? मग गप्प बसा," ती पान उलटत म्हणाली. तिचा इतका हेवा त्याला तिच्या पगारवाढीच्या वेळीही वाटला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी अभ्यासिकेत बाकं मांडली गेली. दारात हेडमास्तरांनी पर्यवेक्षकाची झडती घेतली. वरच्या खिशातून एक पेन्सिल निघाली, कानामागून एक आणि मोज्यातून एक तुकडा. तिन्ही जप्त झाल्या. मग सगळ्यांना प्रश्नपत्रिका वाटून हेडमास्तर खाली चहाला गेले. परीक्षार्थी टेबलामागे बसला. समोर मंडळाचे सभासद उत्तरपत्रिकेवर नावं घालत होते आणि नावं घालून झाल्यावर छताकडे बघत होते. डॉक्टर शेजारच्या बाईंना खुणेने काहीतरी विचारत होते. बायको प्रश्नपत्रिका वाचत होती आणि तिच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. 'सदर कादंबरीतून मिळणारा बोध लिहा.' 'दीपगृहाचे उपयोग सांगा.' 'बंधुप्रेम या विषयावर निबंध लिहा.' पुस्तकात जे होतं त्यातलं एकही कागदावर नव्हतं.

टेबलावर कादंबरीची एक प्रत होती. वाद झाला तर पडताळून पाहायला ठेवलेली. परीक्षा सुरू झालीच आहे, आता फुटण्यासारखं काही नाही, असा विचार करून परीक्षार्थीने ती उघडली. आत कोणी चिठ्ठी दडवली आहे का ते बघणं पर्यवेक्षकाचं कर्तव्यच होतं. त्याचा हात सवयीने कानामागे गेला, रिकामा परत आला, पुन्हा गेला, पुन्हा रिकामा आला. रेघ मारता येत नाही म्हटल्यावर त्याने नाइलाजाने नुसतं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं वाचलं.

दोन भाऊ दाराशी उभे होते. धाकट्याच्या हातात गाठोडं होतं. थोरला म्हणत होता, "जा, पण दार मी लावणार नाही." धाकटा वळला आणि पाऊलवाटेला लागला. परीक्षार्थीने पान उलटलं.

त्यानंतर अभ्यासिकेत जे झालं त्याबद्दल पुढे चौकशी झाली, पण पर्यवेक्षकाला त्यातलं काही सांगता आलं नाही. डॉक्टरांनी आधी मान वळवली, मग बाक वळवलं. थोड्या वेळाने सगळी बाकं एकत्र आली. कोणीतरी पुस्तकच काढलं, पण उत्तर कुठे शोधायचं हे कोणाला कळेना, तेव्हा सगळे परीक्षार्थीच्या बायकोभोवती जमले. "बोध काय हो याचा?" डॉक्टरांनी विचारलं. "मला काही बोध झाला नाही," ती म्हणाली, "मला फक्त रडू आलं. ते लिहून चालेल का?" डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग सगळ्यांनी लिहून घेतलं. शिपायाने घंटा दिली. पुन्हा दिली. मग त्याने टेबलाशी येऊन पर्यवेक्षकाच्या कानाशी दिली. पर्यवेक्षकाने माशी हाकलावी तसा हात हलवला, कारण खडकावर वादळ आलं होतं आणि दिव्यातलं तेल संपत आलं होतं.

हेडमास्तर वर आले. सभासद एका कोंडाळ्यात बसून एकच उत्तर लिहीत होते आणि टेबलामागे पर्यवेक्षक तोंड उघडं टाकून वाचत होता. हेडमास्तरांच्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत असा देखावा त्यांना दिसला नव्हता.

"अरे परीक्षार्थी! हे काय आहे?"

"सर, त्याने ज्योत विझू नये म्हणून स्वतःचा सदरा फाडला," परीक्षार्थी डोळे वर न करता म्हणाला.

परीक्षा रद्द झाली. कार्ड रद्द झालं. परीक्षार्थीला अभ्यासिकेतूनही काढलं. हेडमास्तर बराच वेळ बोलत होते. 'विश्वासघात' हा शब्द दोनदा आला आणि 'माझ्या शाळेत असतास तर' हे तीनदा. बायकोने मध्ये पडून काहीतरी सुनावलं, तेही जोरदार असावं, कारण डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग ती नवऱ्याकडे वळली, तर खुर्ची रिकामी. परीक्षार्थी निघून गेला होता. टेबलावरची प्रतही गेली होती.

चोरी करायचं त्याच्या मनात नव्हतं. चोरीचा विचार करायला त्याला फुरसत नव्हती. तो वाचत वाचत जिना उतरला, वाचत वाचत दोन गल्ल्या चालला, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यातली एकही लक्षात ठेवली नाही. इमारतीच्या जिन्यात पोचल्यावर मात्र वर चढायलाही धीर निघेना. घर दोन मजले वर आणि भाऊ इतक्या वर्षांनी बोटीतून खडकाकडे निघालेला. तो तिथेच पायरीवर बसला. त्याच्या पोटात गोळा आला होता. तो त्याने ओळखला आणि त्याला इतका आनंद झाला की क्षणभर ओळी दिसेनात.

हेडमास्तर धापा टाकत आले. "पुस्तक दे! वाचनालयाची मालमत्ता आहे ती!"

परीक्षार्थीने हात वर केला. "थांबा हो जरा."

हेडमास्तरांना आजवर कोणी थांबा म्हटलं नव्हतं. ते कठडा धरून खालच्या पायरीवर थांबले. पान उलटल्याचा आवाज झाला. मग आणखी एकदा झाला. परीक्षार्थीने शेवटचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, पुस्तक मिटलं, डोळे बाहीला पुसले आणि पुस्तक पुढे केलं.

"घ्या. रेघ एकही नाही."

हेडमास्तरांनी पानं चाळून खात्री केली. ती प्रत चाळताना त्यांचा हात शेवटच्या पानाशी घुटमळला, पण चष्मा वाचनालयातच राहिला होता. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, जिन्यात कोणी नाही हे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं:

"काय रे, तो शेवटी घरी परत जातो का?"

परीक्षार्थी त्यांच्याकडे बघतच राहिला. प्रश्नपत्रिका काढणारा माणूस हा. याने बोध विचारला होता, उपयोग विचारले होते, आणि विचारण्यासारखा एकुलता एक प्रश्न हा असा जिन्यात, चोरून. उत्तर परीक्षार्थीला येत होतं. पूर्ण येत होतं, पैकीच्या पैकी. आणि येत असलेला प्रश्न त्याने जन्मात कधी सोडला नव्हता. ऐच्छिकसुद्धा सगळे सोडवून ठेवणारा माणूस तो.

"वाचा," तो म्हणाला, आणि जिना चढून घरी गेला.